मारबतीची रील आणि महालक्ष्म्यांच्या साड्या: महालातल्या एका घरगुती धंद्याचं प्रकरण

नागपुरात ज्येष्ठागौरींना महालक्ष्म्या म्हणतात. लोखंडी स्टँडवर किंवा धान्याच्या कोठ्यांवर त्या उभ्या राहतात, वर मुखवटे बसतात, पुढ्यात त्यांची बाळं असतात. त्या तीन दिवसांत सगळ्यात वेळ खाणारं काम म्हणजे साडी नेसवणं. निऱ्या बसत नाहीत, पदर घसरतो, पिना कमी पडतात आणि घरातल्या ज्या बाईला हे जमतं ती नेमकी स्वयंपाकात अडकलेली असते. म्हणून शिवलेल्या साड्यांना मागणी आहे: निऱ्या घालून शिवलेल्या, कमरेला नाडी, पदर टाके घालून पक्का. स्टँडवर चढवली की पाच मिनिटांत महालक्ष्मी उभी.

नागपूरच्या महाल भागातल्या एका सासू-सुनेचा हाच धंदा. काकू शिवतात, सून गांधीबागेच्या कापडबाजारातून काठपदराच्या साड्या निवडून आणते आणि इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप सांभाळते. हे दुकान आणि ही माणसं प्रातिनिधिक आहेत, त्यांचे आकडे हिशेब कळावा म्हणून गोल धरले आहेत. सणांच्या तारखा आणि अ‍ॅपची वागणूक मात्र जशी आहे तशी घेतली आहे. घरून धंदा करणाऱ्या कितीतरी बायकांचा वेळ भलत्याच आकड्याच्या मागे जातो आणि तो वेळ शिवणयंत्रावरून उठून काढलेला असतो. त्याची मला मनापासून काळजी वाटते, म्हणून हे प्रकरण तपशिलात मांडतो आहे.

३ सप्टेंबर २०२४

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, म्हणजे इडा-पिडा गावाबाहेर नेणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. सोबत बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, आणि 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' ही आरोळी. २०२४ मध्ये तो दिवस ३ सप्टेंबरला आला. सुनेनं इतवारीतल्या एका गच्चीवर उभं राहून काळ्या मारबतीचं वीस-बावीस सेकंदांचं चित्रण केलं आणि दुकानाच्याच खात्यावर टाकलं. रात्रीपर्यंत रील लाखावर गेली, चार दिवसांत चार लाखांवर. खात्याचे फॉलोअर्स अडीच हजारांवरून साडेचार हजारांच्या जवळ पोहोचले.

महालक्ष्म्यांचं आवाहन १० सप्टेंबरला होतं. म्हणजे वर्षाच्या मुख्य विक्रीला आठवडा उरलेला असताना चार लाख व्ह्यूज. घरात आनंद झाला यात नवल नाही. पण मारबतीची रील पाहून आलो असं सांगणाऱ्या ऑर्डरी आल्या दोन. काकूंनी विचारलं, "एवढ्या लोकांनी पाह्यलं म्हणतेस, मंग फोन कावून नाही वाजून राह्यला?"

फोन तसा वाजत होता, पण तो दुसऱ्याच कारणानं. ते पुढे येईल.

गणपती उठल्यावर सुनेनं साड्यांच्या नेहमीच्या रील टाकल्या. आधी ज्या दीड-दोन हजार खात्यांपर्यंत जायच्या, त्या आता सात-आठशेवर अडकू लागल्या. फॉलोअर्स जवळपास दुप्पट आणि पोच निम्म्यावर. तिला वाटलं अ‍ॅपनं खातं दाबलं. मग तिनं फुटाळा तलावावरची संध्याकाळ टाकली, तर्री पोह्यांच्या गाड्या टाकल्या. एखादी पुन्हा चालली की उमेद यायची, पुढची पडली की जायची. दिवाळीपर्यंत हेच सुरू होतं.

चार लाखांत कोण होतं

व्ह्यूज आणि रीच हे दोन वेगळे आकडे आहेत. रीच म्हणजे पोच, किती वेगवेगळ्या खात्यांनी पाहिलं. व्ह्यूज म्हणजे रील किती वेळा चालली. एकाच माणसानं तीनदा पाहिली तर तीन. ऑगस्ट २०२४ मध्ये इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी जाहीर केलं की सगळ्या प्रकारच्या पोस्टसाठी व्ह्यूज हाच मुख्य आकडा राहील. त्यामुळे अ‍ॅप उघडलं की तोच आधी डोळ्यांत भरतो. रीच पाहायला इनसाइट्समध्ये, म्हणजे अ‍ॅपच्या आकडेवारीच्या पानावर, आत जावं लागतं.

आत गेल्यावर मारबतीच्या रीलचं चित्र असं होतं: व्ह्यूज ४ लाख, रीच ३ लाख ३० हजार. पाहणाऱ्यांत जवळजवळ सगळे फॉलोअर नसलेले. शहरांच्या यादीत मुंबई, पुणे, दिल्ली, हैदराबाद वर, नागपूर त्यांच्या खाली. पुरुष जास्त. सेव्ह, म्हणजे पुन्हा पाहायला जपून ठेवणं, ४००. रील पसरली ती लोकांनी एकमेकांना पाठवल्यामुळे. मोसेरींनीच जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं की पाहण्याचा वेळ, लाइक आणि दुसऱ्याला पाठवणं या तीन गोष्टींना सगळ्यात जास्त वजन आहे, आणि अनोळखी लोकांपर्यंत पोहोचायचं असेल तर पाठवण्याचं वजन लाइकपेक्षा थोडं अधिक पडतं. एवढी मोठी काळी आकृती आणि तिच्यासमोरची आरोळी पाहिल्यावर दिल्लीतला माणूस ती मित्राला पाठवणारच. त्या रीलमध्ये साडी कुठेच नव्हती. जे दोन हजार नवे लोक आले ते नागपूरच्या तमाशासाठी आले.

पोच कमी होण्याचं कारणही इथेच सापडतं. नवी रील आली की अ‍ॅप ती काही फॉलोअर्सना दाखवून पाहतं. हैदराबादचा तरुण 'निऱ्यांना दोरा कोणता' हे दीड सेकंदात सरकवतो. असे बरेच जण सरकवून गेले की सरासरी पाहण्याचा वेळ पडतो आणि रील पुढे जात नाही. खातं कुणी दाबलेलं नव्हतं. खात्याच्या घरात साडीशी संबंध नसलेली माणसं भरली होती.

व्हायरल होणं हेच ज्यांचं काम साधतं असेही लोक असतात. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ च्या विक्रम लँडरशी संपर्क तुटला, तेव्हा नागपूर शहर पोलिसांनी 'सिग्नल तोडल्याबद्दल चलान फाडणार नाही, उत्तर दे' अशा अर्थाचं ट्वीट केलं आणि ते देशभर गाजलं. त्याच महिन्याच्या १ तारखेपासून देशात अनेक ठिकाणी वाहतुकीचे वाढीव दंड लागू झाले होते, लोक चिडलेले होते. त्या वेळी पोलिसांविषयी आपुलकी वाटणं, त्यांचं खातं लोकांना माहीत होणं, हेच त्या ट्वीटचं फळ होतं. दिल्लीच्या माणसानं हसून पुढे पाठवलं तरी खात्याचा उपयोगच झाला. साडीच्या दुकानाला तो माणूस गिऱ्हाईक म्हणून कधीच मिळणार नाही. आकडा तोच, पण कामाचा आहे की नाही हे ज्याच्या त्याच्या धंद्यावर ठरतं.

सहा हजारांची रील

त्याच खात्यावर ऑगस्टमध्ये टाकलेली एक रील कुणाच्या लक्षातही नव्हती. 'स्टँडचं माप कसं घ्यायचं.' चेहरा नाही, गाणं नाही. काकूंचे हात, पिवळा टेप, रिकामा लोखंडी स्टँड. खांद्याच्या पट्टीपासून पाटापर्यंत एक माप, कमरेच्या कड्याचा घेर दुसरं, आणि कोठीवर उभ्या करत असाल तर कोठीचा घेर तिसरं. मधेच काकूंचा आवाज: "मुखवट्याचं माप नोका घेऊ, त्याचं साडीशी काही काम नाही." पाऊण मिनिट.

व्ह्यूज ६ हजार, रीच साडेतीन हजार, सेव्ह ३००. शहरं: नागपूर, अमरावती, वर्धा, आणि पुणे. पुणे का, हे पुढे वहीतून कळलं. विदर्भातल्या मुली-सुना तिकडे नोकरीला आहेत, घरच्या महालक्ष्म्यांना सुटी काढून येतात आणि येताना साडी तयार असावी असं त्यांना वाटतं.

दोन्ही रील रीचच्या मापानं शेजारी ठेवल्या की फरक असा: मारबतीच्या रीलला हजारी एक सेव्ह, मापाच्या रीलला हजारी ८५. आणखी एक खूण इथे वाचता आली. मारबतीच्या रीलला एका खात्यामागे सव्वा व्ह्यूसुद्धा पडत नाही, मापाच्या रीलला पावणेदोनच्या जवळ पडतात. बायका टेप हातात घेऊन ती पुन्हा पुन्हा लावत होत्या. नाचाच्या रीलवर परत पाहणं म्हणजे करमणूक. इथे परत पाहणं म्हणजे ऑर्डरची तयारी. म्हणून व्ह्यूज भागिले रीच हे गुणोत्तर मी सगळ्यांना सरसकट काढायला सांगत नाही, पण काही शिकवणारी रील असेल तर जरूर काढावं.

लाइकबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. नातेवाईक करतात, चांगलं वाटतं.

वही

अ‍ॅपमध्ये ऑर्डर कुठे दिसतच नाही. प्रोफाइलवर किती जण आले, व्हॉट्सअ‍ॅपच्या बटणाला किती जणांनी हात लावला, इथवर दिसतं. त्यापुढचं सगळं फोनवर आणि दारात घडतं. सुदैवानं काकू ऑर्डरीची वही ठेवत होत्या: नाव, माप, रंग, आगाऊ रक्कम. दिवाळीनंतर सुनेनं ती वही आणि व्हॉट्सअ‍ॅपचे जुने निरोप समोर ठेवून २०२४ चा हिशेब बसवला, फोन करून गिऱ्हाइकांना विचारलंही.

आवाहनाच्या आधीच्या ४० दिवसांत चौकशा १४०. ऑर्डरी ६०. त्यातली ३४ जुनी गिऱ्हाइकं किंवा त्यांनी पाठवलेली, ९ मापाच्या रीलमुळे, २ मारबतीमुळे, १५ जणींना नीट सांगता आलं नाही. उरलेल्या ८० चौकशांतल्या ४५ जणींना दुकानाकडूनच 'नाही' म्हणावं लागलं होतं. आवाहन चार दिवसांवर, शिवायला काकू एकट्याच, मग घेणार कुठून? फोन वाजत होता तो हा. ३५ जणी भाव विचारून परत आल्या नाहीत.

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा माझ्या मते हे ४५ आहेत. पैसे द्यायला तयार असलेली बाई दारातून परत गेली आणि ती का गेली हे कुठल्याही इनसाइट्समध्ये उमटत नाही. ज्या आठवड्यात मारबतीची रील धावत होती, त्या आठवड्यात दुकानाला नवं गिऱ्हाईक नकोच होतं. ती पाहणारे सगळेच लोक नागपूरचे असते तरी त्यांना साडी मिळाली नसती.

'कुठून कळलं' हे विचारतानाही एक गोष्ट हाती लागली. बऱ्याच जणी म्हणायच्या, "मावशीनं सांगितलं." वहीत ते ओळखीचं गिऱ्हाईक म्हणून जायचं. सुनेनं पुढचा प्रश्न सुरू केला: "मावशीनं काही पाठवलं होतं का जी?" तेव्हा कळायचं की मावशीनं मापाची रील व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती. त्या १५ 'सांगता येत नाही' मधल्या काही जणी अशाच असणार. कुटुंबाच्या ग्रुपमध्ये फिरणारी रील मोजायला अ‍ॅपजवळ साधन नाही, माणसालाच विचारावं लागतं.

यासाठी एक साधी सोय पुढच्या वर्षी केली गेली. व्हॉट्सअ‍ॅपची थेट लिंक बनवताना तिच्यात आधीच लिहिलेला मजकूर घालता येतो. इन्स्टाग्रामच्या प्रोफाइलवरच्या लिंकमध्ये 'नमस्कार, मापाचा व्हिडिओ पाहिला, साडी शिवायची आहे' आणि स्टेटसवरच्या लिंकमध्ये 'नमस्कार, स्टेटस पाहिलं, साडी शिवायची आहे'. बहुतेक बायका तो मजकूर न पुसता तसाच पाठवतात. मग व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये त्या निरोपाला रंगीत लेबल लावायचं. पैसा लागत नाही.

२०२५ चे निर्णय, आणि तारखांचा घोळ

निर्णय तीन झाले. मापाच्या, रंगाच्या, बाळांच्या कपड्यांच्या रील श्रावण लागण्याआधीपासून टाकायच्या. ऑर्डरी पोळ्याला बंद, हे प्रत्येक रीलच्या शेवटी सांगायचं. आणि मापाची रील प्रोफाइलवर सगळ्यात वर पिन करून ठेवायची.

२०२५ मध्ये आवाहन ३१ ऑगस्टला होतं. ऑगस्ट संपला तेव्हा सून खूश होती. गेल्या ऑगस्टमध्ये चौकशा ६२, या ऑगस्टमध्ये १३८. दुपटीहून जास्त. प्रोफाइल पाहणाऱ्यांचा, व्हॉट्सअ‍ॅपच्या बटणाचा आकडाही तसाच चढलेला.

इथे थांबून पंचांग उघडावं लागतं. २०२४ मध्ये आवाहन १० सप्टेंबरला होतं, म्हणजे ऑगस्ट संपल्यावरही सगळ्यात गर्दीचे नऊ दिवस शिल्लक होते. २०२५ मध्ये सण दहा दिवस अलीकडे आला आणि ती गर्दी ऑगस्टमध्येच पडली. इंग्रजी महिन्यानं तुलना केली तर सणाचं सरकणं धंद्याची वाढ म्हणून दिसतं. सणावर चालणाऱ्या धंद्याचा हिशेब तिथीपासून मागे मोजला पाहिजे. आवाहनाआधीचे ४० दिवस म्हणजे २०२४ मध्ये १ ऑगस्ट ते ९ सप्टेंबर आणि २०२५ मध्ये २२ जुलै ते ३० ऑगस्ट. या दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या की चौकशा १४० वरून १६५. सुमारे १८ टक्के वाढ. चांगली आहे, दुप्पट नाही.

अ‍ॅपवर सहज दिसतात ते मागचे ७, ३० किंवा ९० दिवस. तिथीची पट्टी ते स्वतःहून आखून देत नाही. म्हणून सुनेनं वहीचं एक पान त्यासाठीच केलं: डावीकडे 'आवाहनाला उरलेले दिवस', ४० पासून १ पर्यंत, पुढे त्या दिवसाच्या चौकशा, ऑर्डरी आणि 'नाही म्हटलं'. फटाके, राख्या, आकाशकंदील, हळदीकुंकवाचं वाण, तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल विकणाऱ्या सगळ्यांना हे पान जसंच्या तसं चालेल.

खरी वाढ त्या पानातल्या शेवटच्या दोन रकान्यांत निघाली. ऑर्डरी ६० वरून ८८ झाल्या. 'नाही म्हटलं' ४५ वरून १४ वर आलं. तेच दोन हात, तेच यंत्र. फक्त काम सहा आठवड्यांत पसरलं. चौकशा २५ नं वाढल्या आणि ऑर्डरी २८ नं, याचा अर्थ कमाई नव्या लोकांपेक्षा परत जाणारं गिऱ्हाईक वेळेत थांबवल्यामुळे झाली.

एक आकडा मात्र वाईट झाला. भाव विचारून परत न येणाऱ्या ३५ च्या ६३ झाल्या. लवकर चौकशी करणारी बाई चार ठिकाणी विचारते, हे एक कारण संभवतं. त्याच वर्षी काकूंनी शिलाई वाढवली होती, हे दुसरं. दोन्ही गोष्टी एकाच हंगामात घडल्यानं कोणती किती जबाबदार हे या वहीतून वेगळं काढता येत नाही. म्हणून २०२६ ला भाव तोच ठेवायचं ठरलं आहे.

जाहिरातीचाही प्रयोग झाला. मापाची रील हजार रुपये लावून नागपूर, वर्धा आणि भंडारा एवढ्याच भागात दाखवली. त्यातून चौकशा ११, ऑर्डरी ४. म्हणजे एका ऑर्डरमागे अडीचशे रुपये. एका ऑर्डरमधल्या जोडीमागे हातात साधारण साडेतीनशे राहतात. फायदा शंभर रुपये जोडीमागे, आणि त्या चार जणी पुढच्या वर्षी परत आल्या तरच हा खर्च खऱ्या अर्थानं वसूल. त्या चार नावांपुढे वहीत खूण केली आहे. 'जाहिरातीनं इतक्या हजार लोकांपर्यंत पोहोचलात' हा निरोप अ‍ॅपनं पाठवला होता, त्याची नोंद कुठे केलेली नाही.

यूट्यूबच्या शॉर्ट्सवरही त्याच रील जातात. २०२५ मध्ये तिथले व्ह्यूज एकदम चढले. त्याला आधी दुसरं कारण आहे: ३१ मार्च २०२५ पासून यूट्यूबनं मोजण्याची रीत बदलली. शॉर्ट सुरू झाली किंवा पुन्हा चालली की व्ह्यू धरला जातो, किती सेकंद पाहिली याची अट राहिली नाही. म्हणून त्या तारखेच्या आधीचा आणि नंतरचा आकडा शेजारी ठेवू नये. त्या खात्याची तुलना २०२५ पासूनच सुरू होईल.

मारबतीचं काय

२३ ऑगस्ट २०२५ ला मारबत निघाली तेव्हा सुनेनं पुन्हा चित्रण केलं. काकूंचं म्हणणं होतं, "आपल्या गल्लीतून जाते, टाकशील नाही तर काय?" आणि ते बरोबरच होतं. ती रील टाकली ती सुनेच्या स्वतःच्या खात्यावर. दुकानाच्या खात्यावर त्या दिवशी एकच गोष्ट गेली: ऑर्डरी काल पोळ्याला बंद झाल्या, तयार जोड्या एवढ्या शिल्लक आहेत, रंग हे. दुकानाच्या खात्यावरच्या जुन्या दोन हजार पाहुण्यांतले बरेच जण वर्षभरात गळाले. फॉलोअर्सची संख्या साडेतीन हजारांवर आली आणि साड्यांच्या रीलची पोच पुन्हा दीड हजाराच्या पुढे गेली.

२०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक महिना आहे. गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आणि महालक्ष्म्या त्यानंतर. म्हणजे सगळी गर्दी सप्टेंबरात जाणार आणि ३१ ऑगस्टला ऑगस्टचे आकडे गेल्या वर्षीच्या मानानं खूप खाली दिसणार. सुनेनं ४० दिवसांचं पान आतापासून आखून ठेवलं आहे, पहिल्या ओळीत तारीख टाकली आहे, आणि सासूला बजावलं आहे की ऑगस्टअखेर मी तोंड पाडून बसले तर हे पान दाखवा.